ऑल्ट-टॅबची चाचणी आधी डोळे मिटून करा

प्रश्न थोडक्यात असा: लिनक्स डेस्कटॉपच्या नव्या आवृत्तीची चाचणी वाटून दिली गेली आणि विंडो व ॲप बदलण्याचा भाग तुमच्या वाट्याला आला. तुम्ही ऑल्ट-टॅब दाबलं, चिन्हांची पट्टी उघडली, पुढची विंडो समोर आली. तक्त्यात ‘चालतं’ असं लिहून दिलंत, तर तो ‘नेमकं काय चालतं?’ असा शेरा घेऊन परत आला. आता आणखी तपासायचं तरी काय, असं तुम्ही विचारता.

शेरा मारणाऱ्याचं बरोबर आहे. तुम्ही पट्टी तपासलीत, आणि रोज वापरणारा माणूस बहुतेक वेळा पट्टी बघतच नाही. एडिटरमध्ये चार ओळी लिहायच्या, चटकन ऑल्ट-टॅब, टर्मिनलमध्ये आज्ञा द्यायची, चटकन ऑल्ट-टॅब, परत एडिटर. हे काम बोटं करतात, डोळे नाहीत. जीनोम या लिनक्स डेस्कटॉपचा विंडो दाखवणारा भाग म्हणजे जीनोम शेल; त्याच्या कोडमध्ये यासाठीच १५० मिलिसेकंदांचा थांबा ठेवलेला आहे. तेवढ्या वेळात ऑल्ट सोडलं तर पट्टी पडद्यावर येतच नाही, विंडो मात्र बदलते. झटपट बदलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उगाच काही लुकलुकू नये हा हेतू. त्यामुळे तुम्हाला तपासायचाय तो वापरणाऱ्याच्या मनातला क्रम. ‘मघाशी जिथे होतो तिथे परत ने’ एवढंच तो मागतो, आणि न बघता मागतो.

म्हणून कीबोर्डला हात लावण्याआधी कागद घ्या. टर्मिनल, एडिटर, ब्राउझर या क्रमाने तीन विंडो उघडा. आत्ता ब्राउझर समोर आहे, तर कागदावर शेवटी वापरलेली विंडो आधी, अशा क्रमाने लिहा: ब्राउझर, एडिटर, टर्मिनल. एक टिचकी मारली, म्हणजे ऑल्ट-टॅब चटकन दाबून सोडलं, की एडिटर यायला हवा आणि यादी व्हायला हवी एडिटर, ब्राउझर, टर्मिनल. आता ऑल्ट धरून टॅब दोनदा: टर्मिनल, एडिटर, ब्राउझर. यादी आधी लिहायची, बटण नंतर दाबायचं. उलट केलंत तर समोर जे येईल ते बरोबरच वाटतं. हा माझा स्वतःचा जुना दोष आहे. सगळ्यात महत्त्वाची पायरी यानंतरची. ऑल्ट धरा, टॅबने तिसऱ्या चिन्हापर्यंत जा, आणि एस्केप दाबून माघार घ्या. यादीत काडीचाही फरक पडायला नको. लगेच एक टिचकी मारा. एडिटर आला तर ठीक. ब्राउझर आला तर नुसत्या डोकावण्यालाच डेस्कटॉपने ‘वापरलं’ असं धरलंय. पट्टी उघडी असताना माउसचा बाण एखाद्या चिन्हावरून नेऊन माघार घेतलीत तरी हाच नियम.

मग वेग. पट्टी उघडण्यासाठी डेस्कटॉपला कीबोर्डचा ताबा घ्यावा लागतो, आणि ताबा मिळण्याआधीच तुम्ही ऑल्ट सोडलं तर ‘सोडलं’ ही बातमी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. जीनोमच्या कोडमध्ये या शर्यतीबद्दल स्पष्ट टीप लिहिलेली आहे. ताबा मिळाल्यावर ऑल्ट अजून दाबलेलं आहे का हे तिथे मुद्दाम पुन्हा बघतात. मोकळ्या मशीनवर ही शर्यत कधी हरली जात नाही, म्हणून मशीनला कामाला लावा. सगळे कोअर गुंततील असं एखादं मोठं कंपाइल सुरू करा. दोन एडिटर विंडो उघडा, दोन्ही रिकाम्या. एक टिचकी, एक अक्षर. एक टिचकी, एक अक्षर. असं पन्नास वेळा. शेवटी दोन्हींत पंचवीस-पंचवीस अक्षरं हवीत आणि सुरुवातीची विंडो समोर हवी. सव्वीस-चोवीस झाली तर कुठेतरी एक टिचकी हरवली. अक्षरांमध्ये मोकळी जागा घुसलेली दिसली तर ती टॅबची आहे: डेस्कटॉपने ताबा घ्यायला उशीर केला आणि बटण थेट एडिटरला मिळालं. आणि पट्टी पडद्यावर तशीच चिकटून राहिली, पुन्हा ऑल्ट दाबून सोडेपर्यंत हललीच नाही, तर तीच ती हरलेली शर्यत. साध्या अक्षरांची ही युक्ती मला कोणत्याही महागड्या साधनापेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

आता ‘ॲप’ आणि ‘विंडो’ हा घोळ. २०११ मध्ये जीनोम ३ आलं तेव्हापासून तिथे ऑल्ट-टॅब ॲप बदलतं, विंडो नाही. ब्राउझरच्या चार विंडो असल्या तरी पट्टीत चिन्ह एकच, आणि त्याच ॲपच्या विंडोंमध्ये फिरायला टॅबच्या वरची की. ज्यांना प्रत्येक विंडो वेगळी हवी ते सेटिंग्जमध्ये ‘विंडो बदला’ या कृतीला ऑल्ट-टॅब जोडतात. केडीई प्लाझ्मा आणि एक्सएफसीई या दुसऱ्या दोन डेस्कटॉपांत मुळातच विंडो बदलते. म्हणजे एकच चाचणी तिन्ही डेस्कटॉपांवर चालवून एकाला ‘नापास’ लिहिणं चूक. अपेक्षित उत्तरच वेगळं आहे. जीनोमवर आणखी एक गोष्ट नवख्यांना बग वाटते. ॲप निवडलं की त्या वर्कस्पेसवरच्या (विंडो वाटून ठेवायच्या आभासी पडद्यावरच्या) त्याच ॲपच्या बाकीच्या विंडोही वर येतात. समजा डावीकडे ब्राउझर, उजवीकडे एडिटर, आणि एडिटरच्या मागे ब्राउझरची दुसरी विंडो झाकलेली. ऑल्ट-टॅबने ब्राउझरवर गेलात की झाकलेली विंडो एडिटरला झाकून टाकते. हे ठरवून केलेलं वागणं आहे. मला ते आवडत नाही, पण आवडत नाही म्हणून बग नोंदवता येत नाही. ॲपच्या चिन्हावर जरा थांबलात, कोडमध्ये हा वेळ अर्धा सेकंद आहे, की खाली त्याच्या विंडोंची छोटी चित्रं येतात. तिथून नेमकी विंडो निवडली तरी क्रम कसा बदलतो हेही कागदावर मांडून बघा.

टॅबच्या वरची की हे प्रकरण आपल्यासारख्यांना विशेष लागू आहे. इंग्रजी कीबोर्डवर तिथे उलटं स्वल्पविरामासारखं चिन्ह असतं, देवनागरी लेआउटमध्ये तिथे वेगळंच अक्षर येऊ शकतं. जीनोमने शॉर्टकट चिन्हाशी न बांधता ‘टॅबच्या वरची जागा’ असाच बांधला आहे, म्हणून तिथे लेआउट बदलला तरी चालायला हवं. जिथे तो चिन्हाशी बांधलेला असतो तिथे लेआउट बदलला की तो मुका होऊ शकतो. दुसरा सापळा ऑल्ट-शिफ्टचा. इंग्रजी-मराठी लेआउट बदलायला अनेकांनी हीच जोडी ठेवलेली असते, आणि उलट्या दिशेने फिरायला लागतं ते शिफ्ट-ऑल्ट-टॅब. मागे जायला गेलो आणि पुढच्या विंडोत इंग्रजीऐवजी मराठी उमटायला लागलं, ही तक्रार तुम्ही ऐकली असेलच. दोन्ही बटणं दोन्ही क्रमांनी दाबून बघा, म्हणजे आधी ऑल्ट मग शिफ्ट, आणि उलट. फक्त अमेरिकन लेआउटवर केलेल्या चाचणीला मी अर्धीच चाचणी म्हणते.

पट्टीत काय दिसायला हवं आणि काय नको, यात बराच वेळ जाईल, जाऊ द्या. ‘सेव्ह करायचं का?’ असा आपल्या मूळ विंडोला चिकटलेला डायलॉग वेगळा दिसायला नको; जीनोम त्याच्याऐवजी मूळ विंडो दाखवतं, आणि ती निवडली की टाइप केलेलं डायलॉगमध्ये जायला हवं. टास्कबारमध्ये दिसू नये अशी खूण लावलेल्या विंडो यादीतून गाळल्या जातात. मिनिमाइझ केलेली विंडो जीनोममध्ये यादीत राहते. केडीईमध्ये ते तुमच्या निवडीवर आहे, तसंच वर्कस्पेस, ॲक्टिव्हिटी आणि स्क्रीन यांनुसार गाळणीही लावता येते. प्रत्येक गाळणीची प्रत्येकीशी जोडी लावत बसू नका, आयुष्य पुरणार नाही. मूळ सेटिंग, आणि लोक खरोखर बदलतात ती एक-दोन, एवढं पुरे. जीनोममध्ये मात्र एक विसंगती माहीत असू द्या: ॲप बदलताना मूळ सेटिंगनुसार सगळ्या वर्कस्पेसवरची ॲप दिसतात, विंडो बदलताना फक्त चालू वर्कस्पेसवरच्या विंडो. दोन्हींच्या सेटिंग्ज वेगळ्या आहेत. ‘माझी विंडो गायब झाली’ अशी तक्रार आली की आधी ती दुसऱ्या वर्कस्पेसवर आहे का ते विचारा.

चिन्हाच्या जागी करड्या रंगाचं निनावी चौकोन आलं, किंवा एकाच ॲपची दोन चिन्हं दिसली, तर दोष बहुधा पट्टीचा नसतो. विंडो आपली ओळख सांगते, पडद्यावर विंडो मांडणाऱ्या जुन्या एक्स-११ या व्यवस्थेत डब्ल्यूएम-क्लास या नावाने आणि नव्या वेलँडमध्ये ॲप-आयडी या नावाने, आणि डेस्कटॉप त्या ओळखीवरून ॲपचं नाव आणि चिन्ह सांगणारी डेस्कटॉप फाइल शोधतो. नावं जुळली नाहीत की विंडो अनाथ. जीनोममध्ये ऑल्ट-एफ२ दाबून ‘एलजी’ ही दोन अक्षरं इंग्रजीत टाइप केलीत की लुकिंग ग्लास हे तपासणीचं साधन उघडतं. तिथल्या विंडोंच्या पानावर प्रत्येक विंडोची ओळख आणि ती कोणत्या ॲपला जोडली गेली हे शेजारी-शेजारी दिसतं. अशी तक्रार त्या ॲपच्या लोकांकडे पाठवायची. डेस्कटॉपवाल्यांकडे पाठवलीत तर ते तुम्हालाच हे समजावून सांगतील.

आता एक किस्सा, कारण पुढचा मुद्दा त्यातूनच कळतो. एका प्रकल्पात तक्रार आली की ‘ऑल्ट-टॅब कधीकधी भलतीकडेच नेतं’. कधीकधी! दोन दिवस मी बटणं बडवत बसले, एकदाही झालं नाही. मग एक्स-११ वरच्या एक्सप्रॉप या आज्ञेला पूर्ण पडद्यामागच्या रूट विंडोवरची नेट-ॲक्टिव्ह-विंडो ही, समोरच्या विंडोचा क्रमांक सांगणारी, नोंद सतत बघत राहायला सांगितलं आणि प्रत्येक ओळीपुढे वेळ छापायची सोय केली. हे टर्मिनल कोपऱ्यात सोडून मी माझं नेहमीचं काम करत राहिले. तासाभराने पाहिलं तर एकाच सेकंदात तीन ओळी: माझ्या एडिटरचा क्रमांक, एक अनोळखी क्रमांक, पुन्हा एडिटरचा क्रमांक. अनोळखी क्रमांक निघाला फाइली सिंक करणाऱ्या एका साधनाचा. ते काम संपलं की आपली मुख्य विंडो क्षणभर पुढे आणायचं आणि सभ्यपणे फोकस (टाइप केलेलं घेण्याचा हक्क) परत द्यायचं. डोळ्यांना दिसायची फक्त शीर्षकपट्टीची एक लुकलुक. पण क्रमाचं काय झालं बघा. आधी एडिटर, टर्मिनल, सिंक असा होता. त्या क्षणानंतर एडिटर, सिंक, टर्मिनल. पुढच्या टिचकीला टर्मिनलऐवजी सिंक समोर. डेस्कटॉपने नियम तंतोतंत पाळला होता, आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीने तो साफ चुकला होता. दोन दिवस बटणं बडवून मिळालं नाही ते, कारण मी चाचणीच्या मशीनवर फक्त चाचणी करत होते. ते सिंक तिथे बसवलेलंच नव्हतं.

तर फोकस कोण हिसकावतं हा तुमच्या कामाचाच भाग धरा. एक्स-११ वर प्रत्येक प्रोग्राम ‘मला पुढे आण’ असं मागू शकतो, आणि विंडो मॅनेजर (विंडो सांभाळणारा प्रोग्राम) मागणी मान्य करायची की नाही ते, वापरणाऱ्याने शेवटचं बटण कधी दाबलं त्या वेळेवरून ठरवतो. वेलँडवर प्रोग्रामला स्वतःहून पुढे येता येत नाही. एक्सडीजी-ॲक्टिव्हेशन या प्रोटोकॉलप्रमाणे, ज्या ॲपमध्ये तुम्ही क्लिक केलं त्याने एक टोकन, म्हणजे परवानगीची खूण, मिळवायचं आणि ज्याला पुढे आणायचं त्याच्या हाती द्यायचं. टोकन नसेल तर जीनोम ‘अमुक तयार आहे’ अशी सूचना दाखवून थांबतं. चाचणी सोपी आहे. ईमेलमधल्या दुव्यावर क्लिक करा आणि ब्राउझर उघडायच्या आत तिसऱ्याच विंडोत जाऊन टाइप करायला लागा. अक्षरं तिथेच राहिली पाहिजेत. दुसऱ्यांदा क्लिक करून नुसते थांबा. आता ब्राउझर पुढे आलाच पाहिजे. पहिली पास आणि दुसरी नापास, असं आजकाल जास्त दिसतं, कारण टोकन वाटेत कुठेतरी गळतं. टर्मिनलमधून सुरू केलेले प्रोग्राम याची हमखास उदाहरणं.

एक्स-११ आणि वेलँड दोन्हीकडे चाचणी करायची ती यामुळेच. लॉगिन करताना कोणतं सत्र निवडलं ते लक्षात ठेवण्यावर विसंबू नका, एक्सडीजी-सेशन-टाइप या पर्यावरण-चलात बघा. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०१६ मध्ये २५ व्या आवृत्तीपासून वेलँड हेच मूळ सत्र केलं, तरी जुन्या सवयीच्या आज्ञा आजही लोक तिथे चालवतात आणि फसतात. डब्ल्यूएमकंट्रोल आणि एक्सडूटूल ही दोन साधनं एक्स-११ वर बिनबोभाट काम करतात: एक विंडोंची यादी देतं, दुसरं बटणं दाबतं. वेलँडवर त्यांना फक्त एक्सवेलँडमधून, म्हणजे एक्स-११ ची ॲप वेलँडवर चालवणाऱ्या सोयीतून, चाललेल्या जुन्या विंडो दिसतात, म्हणून यादी अर्धवट येते आणि तुमची स्क्रिप्ट ‘विंडो नाही’ म्हणून रडते. तिथे बटणं दाबायला कर्नलच्या यूइनपुटमधून खोटा कीबोर्ड उभा करणारं वायडूटूल वापरा. त्याला वेगळी परवानगी द्यावी लागते. निकाल बघण्याची बाजू आणखी अवघड. जीनोमवर पूर्वी डी-बसवरून (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या वाटेवरून) शेलला वाटेल तो कोड चालवायला सांगता यायचं, ४१ व्या आवृत्तीपासून ते दार सुरक्षेसाठी बंद आहे आणि शेल मुद्दाम असुरक्षित अवस्थेत नेल्याशिवाय उघडत नाही. केडीईवर केविन या त्याच्या विंडो मॅनेजरची छोटी स्क्रिप्ट लिहून विंडो सक्रिय झाल्याचा संकेत ऐकता येतो आणि शीर्षक नोंदवता येतं. प्लाझ्मा ६ मध्ये त्या संकेताच्या नावातला ‘क्लायंट’ जाऊन ‘विंडो’ आला आहे, जुनी स्क्रिप्ट गुपचूप काहीच करत नसेल तर आधी ते तपासा. चित्रावरून तपासणी करायची तर ओपनक्यूए आहे, ओपनसुसे आणि फेडोरा दोघंही वापरतात. आभासी मशीनमध्ये बटणं दाबून पडद्याचं चित्र आधी ठरवलेल्या नमुन्याशी जुळवतं. त्यात ऑल्ट निदान एक सेकंद धरून ठेवा, नाहीतर १५० मिलिसेकंदांच्या अलीकडचं रिकामं चित्र मिळेल आणि चाचणी उगाच पडेल.

राहिलेल्या जागा भराभर सांगते. एक्स-११ वर एखादा मेन्यू उघडा ठेवून ऑल्ट-टॅब दाबा. काहीच होत नाही, कारण मेन्यूने कीबोर्ड पकडून ठेवलाय. हा जुना, सगळ्यांना माहीत असलेला दोष आहे, नोंदवू नका. आभासी मशीन किंवा दूरस्थ डेस्कटॉपच्या विंडोत ऑल्ट-टॅब आतल्या मशीनला मिळायला हवं. वेलँडवर त्यासाठी परवानगी विचारली जाते, आणि जीनोममध्ये सुपर (म्हणजे विंडोज-की) आणि एस्केप मिळून दाबल्यावर बटणं परत आपल्या ताब्यात येतात. ती वाट चालते की नाही हे बघायचं कोणी लक्षात ठेवत नाही. दोन मॉनिटर असतील तर जीनोमची पट्टी मुख्य मॉनिटरवर येते, तुम्ही कुठेही असलात तरी. पट्टी उघडी असताना दुसरा मॉनिटर उपटा. पट्टी उघडी असताना यादीतली एखादी विंडो स्वतःहून बंद होईल असं करा, टर्मिनलमध्ये पाच सेकंद थांबून बाहेर पडणारी आज्ञा त्याला पुरते. निवड शेजाऱ्यावर सरकायला हवी, शेल कोसळायला नको.

सुलभतेची चाचणी कृपा करून शेवटी ढकलू नका. ऑर्का हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम चालू करून डोळे मिटा आणि ऑल्ट धरून टॅब दाबत जा. प्रत्येक टप्प्याला ॲपचं नाव ऐकू आलं पाहिजे, आणि ऑल्ट सोडल्यावर कोणत्या विंडोत आलो तेही. मग स्टिकी कीज (जोडीची बटणं एकेक करून दाबायची सोय) चालू करा. एका हाताने काम करणारा माणूस ऑल्ट दाबून सोडतो आणि मग टॅब दाबतो, तेव्हा ऑल्ट ‘सोडलं’ याचा अर्थ काय धरायचा हे डेस्कटॉपला नीट ठरवावं लागतं. दोनदा पुढे जाता येतं का, माघार घेता येते का, एवढं तरी बघा. मोठा फॉन्ट लावून लांबलचक मराठी शीर्षकाच्या विंडो उघडा. खालचा उकार किंवा वरची वेलांटी कापली जाते का, आणि शीर्षक मध्ये तोडताना जोडाक्षराची फाळणी होते का, हे इंग्रजीत चाचणी करणाऱ्याला कधीच दिसणार नाही.

तक्रार लिहिताना ‘भलतीच विंडो येते’ असं लिहू नका. जीनोमवर असाल तर आधी नवा वापरकर्ता तयार करा, सगळी एक्स्टेंशन (नंतर बसवलेल्या जोडण्या) बंद करा आणि पुन्हा करून बघा. ऑल्ट-टॅबच बदलून टाकणारी एक्स्टेंशन बरीच आहेत. त्यानंतरही झालं तर मजकूर साधारण असा हवा: ‘वेलँड सत्र, एक्स्टेंशन नाहीत, एक मॉनिटर, एक वर्कस्पेस. आधीचा क्रम: एडिटर, टर्मिनल, ब्राउझर. ऑल्ट धरून टॅब दोनदा, मग एस्केप, मग एक टिचकी. अपेक्षित: टर्मिनल. मिळालं: ब्राउझर. दहापैकी दहा वेळा. पट्टी दिसण्याआधी एस्केप दाबलं तर एकदाही नाही.’ त्यातलं शेवटचं वाक्य मिळवायला तुमची एक संध्याकाळ जाईल, पण कोड दुरुस्त करणारा माणूस सगळ्यात आधी तेच वाचतो.